राहून गेलेले बारसे

एका राज्यात ठेवलेले नाव अंगाला लागत असे. रणातून पळून आलेल्या शिपायाला लोक ससा म्हणाले, तर पुढच्या अमावास्येपर्यंत त्याचे कान वीतभर लांबले. बोलताना अडखळणाऱ्या मुलीला मुकी म्हणाले, तर तिची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. ज्या सुनेला मूल झाले नाही तिला वांझ म्हणाले, तर तिच्या पावलाखालचे गवत जळू लागले. याचे कुणाला नवल वाटत नसे. जाणती माणसे म्हणत, "अंगी होते तेच बाहेर आले. आम्ही फक्त ओळखले." एवढे बोलून ती पानावर जेवायला बसत.

त्या राज्यात एक विधवा कुंभारीण होती. तिला एकच मुलगी, सगुणा. ती जन्मली तीच अर्ध्या मुखावर काळाजांभळा डाग घेऊन. कपाळापासून हनुवटीपर्यंत कुणी ओल्या गाळाचा हात फिरवावा तसा तो दिसे. पाळण्यात घालताना आईने तिला तीट लावली नाही. म्हणाली, "देवानेच लावून पाठवली आहे." मूल हसरे होते. दिवसभर चिखलात बसे, चिखलाचे बैल करी, त्यांना चिखलाचा चारा घाली.

पुढे एकदा पाणवठ्यावर बायांनी तिला पाहिले. एक म्हणाली, "हिला गिऱ्हाण लागले आहे." दुसरी म्हणाली, "लागले कसले, हीच गिऱ्हाण." तिसरीने ते हंड्याबरोबर गावात नेले.

तेव्हापासून सगुणा जिथे उभी राही तिथले ऊन मावळू लागले. अंगणात आली की वाळवणावर सावली धरे. भट्टीपाशी गेली की जाळ मंदावे आणि मडकी कच्ची निघत. मग पंच दारी आले. त्या राज्यात रीत अशी होती, की वेशीबाहेर घालायच्या माणसाचे नाव घरच्यांनी आपल्या तोंडाने उच्चारायचे.

"बाई, ही कोण, ते तू सांग," पंच म्हणाले.

आईने पंचांकडे पाहिले, कच्च्या मडक्यांकडे पाहिले, मुलीकडे मात्र पाहिले नाही. खालच्या मानेने म्हणाली, "ग्रहण."

लोकांनी ठेवलेले नाव कातडीवर बसते. आईने उच्चारलेले हाडात उतरले. त्या क्षणापासून सगुणाला आपले नाव आठवे, पण ओठांवर येईना.

वेशीबाहेर एक दरी होती, तिला ओसाडी म्हणत. नाव ठेवलेली सारी माणसे तिथे राहत. तिथे हौसाबाई होती, जिच्या पावलाखाली गवत जळे तीच ती. रडून रडून सुजलेली पोर पाहून ती म्हणाली, "ये बाळ. माझ्या पायाखाली काही उगवत नाही, पण मांडीवर जागा पुष्कळ आहे." त्या मांडीवर सगुणा वाढली. माती मळायला शिकली, हौसाबाईच्या भेगाळल्या पायांना तेल लावायला शिकली, आणि कुणी हाक मारली तर "आले" न म्हणता नुसती उठून यायला शिकली.

आता राजाचे ऐका. राजाला लोक गिरिराज म्हणत. त्याला दुसरे नावच नव्हते. भाट रोज पहाटे गात: पर्वतासारखा अढळ, वज्रासारखा कठोर, शिळेसारखा अभंग. एके सकाळी राजाला टाच उचलता येईना. वैद्यांनी पाहिले, तर टाचेचा दगड झाला होता. त्यांनी लेप दिले, ते दगडावर वाळले. भाटांना वाटले, राजाचे बळ कमी पडते आहे. ते अधिक मोठ्याने गाऊ लागले. दगड घोट्यावरून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून कमरेवर चढला.

राजा कठीण झाला तसा त्याचा न्यायही कठीण झाला. ओसाडीत रोज नवी माणसे येऊ लागली. दरबारात कुजबुज सुरू झाली, की हे दरीतल्यांच्या दृष्टीचेच फळ आहे. दरीचे तोंड दगडांनी चिणावे. हुकूम तेवढा बाकी होता. आणि त्या राज्याचा कायदा असा, की राजाच्या शेवटच्या हुकमात पुढे कुणी बदल करू नये.

तेव्हा प्रधान दरीकाठी आला. नाकाला शेला लावून तो दुरूनच बोलला.

"ग्रहणा, ऐक. राज्याच्या कडेला तळपता माळ आहे. त्यापलीकडे एक चेटकीण राहते. हे सारे तिचे करणे आहे. शाप सोडवायला गेलेले शिपाई आंधळे होऊन परतले, कारण त्या माळावर उन्हाला धार आहे. तुझ्याबरोबर सावली चालते. तू जा."

"नाही गेले तर?"

"तर दरीचे तोंड चिणले जाईल."

"आणि गेले तर?"

"वेशीच्या आत तुला घर मिळेल."

सगुणाने क्षणभर विचार केला. "घर नको. जाताना मला गावातून चालू द्या."

प्रधानाने कबूल केले. सगुणा गावातून चालली. तिच्यापुढे ऊन विझत गेले आणि दारे लागत गेली. कुंभारवाड्यात एका बंद दाराआड चाक फिरत होते. ती दारासमोर उभी राहिली. चाक थांबले. आत कुणीतरी श्वास धरून उभे होते, हे तिला कळले. दार उघडले नाही. ती पुढे गेली.

निघण्याआधी तिला राजापुढे नेले. दगड त्याच्या छातीपाशी आला होता.

"तुझे नाव काय?"

"ग्रहण, महाराज."

"हे ठेवलेले. दिलेले काय?"

"आठवते, पण तोंडातून निघत नाही."

"तू भाग्याची," राजा म्हणाला. "मला आठवायलाही काही नाही."

सगुणा निघाली. गाव सरले, शेते सरली, झाडे सरली. खडकाळ रानात एक टिटवी तिच्या डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करू लागली. सगुणाने पायाशी पाहिले, तर गोट्यांत गोट्यांच्याच रंगाची अंडी होती आणि उन्हाने ती तापली होती. सगुणा तिथेच बसली. तिच्याभोवती ऊन मावळले, अंडी निवली. सूर्य कलेपर्यंत ती हलली नाही.

मग टिटवी खाली उतरली आणि बोलली, "माणसे म्हणतात, मी ओरडले की कुणीतरी मरते. मी लेकरांसाठी ओरडते. मरणारे मरतच असतात. तू कुठे निघालीस?"

सगुणाने सांगितले.

"वाट मला ठाऊक आहे," टिटवी म्हणाली. "माळावर खाली बघून चाल. नदीवर खोटे बोलू नकोस. आणि म्हातारीने दिले तर पाणी पी, पण पाण्यात पाहून बोलताना जपून बोल."

जोडीदाराला अंड्यांवर बसवून टिटवीही तिच्याबरोबर निघाली. दुसऱ्या दिवशी माळ लागला. तिथे दगड आरशासारखे होते आणि उन्हाची पाती हवेत उभी होती. शिपायांची शिरस्त्राणे वाटेत वितळून पडली होती. सगुणाने पाऊल टाकले. पाती तिच्या सावलीत शिरली आणि बोथट झाली. तळपाय भाजले, डोळ्यांतून पाणी वाहिले, पण दृष्टी राहिली. पलीकडे पोचल्यावर टिटवी हर्षाने म्हणाली, "पाहिलेस? तुझे ग्रहण कामी आले!"

सगुणा पायाचे फोड पाहत होती. "कामी आले म्हणून ते माझे नाव होत नाही," ती म्हणाली.

पुढे नदी आडवी आली. पाणी काळे, खोल आणि संथ होते. काठाशी येताच ते बोलले, "कोण जाते?"

कसाबसा माळ ओलांडून आलेले मोठमोठे सरदार याच पाण्यात बुडाले होते. त्यांनी आपली बिरुदे सांगितली आणि बिरुदांच्या ओझ्याने ते तळाशी गेले. सगुणा म्हणाली, "ग्रहण." पाणी उसळून तिच्या गुडघ्याशी आले. तिने आपले खरे नाव म्हणून पाहिले. ओठ हलले, शब्द आला नाही. पाणी कमरेशी आले.

"कोण जाते?" नदीने पुन्हा विचारले.

सगुणाला रडू फुटले. रडता रडता ती बोलू लागली. "मी कुंभाराची मुलगी. मला माती मळता येते. पाट्यावर वाटण वाटता येते. हौसामावशीच्या पायांना रोज मी तेल लावते. ससा म्हणतात त्या काकांना वाऱ्याचा आवाज सहन होत नाही, तर वादळ आले की मी त्यांचे कान हातांनी झाकते. मला कच्ची चिंच आवडते. मला आईचा राग येतो. एवढेच मला ठाऊक आहे. आता बुडवायचे तर बुडव."

पाणी काही वेळ तसेच राहिले. मग ते उतरले, आणि नदीच्या तळाशी ओल्या वाळूची वाट दिसू लागली.

वाटेच्या शेवटी एक पडका गड होता. दारात एक म्हातारी वाल सोलत बसली होती. तिची पाठ धनुष्यासारखी वाकली होती, इतकी की तिला आभाळ पाहायचे तर मान वळवून कडेने पाहावे लागे. तिने सगुणाला पाणी दिले. मग पितळेची परात पुढे ओढली, तीत पाणी ओतले आणि म्हणाली, "शाप सोड, असे सांगायला आलीस. आधी पाहा तरी, तो किती गोड आहे."

परातीतल्या पाण्यात गाव दिसू लागले. पाणवठा दिसला, बाया दिसल्या. मग कुंभारवाड्यातले ते बंद दार दिसले आणि दाराआडची आई. ती चाकापुढे बसली होती. केस पिकले होते. चाकावर काही नव्हते, तरी ती ते फिरवत होती.

"हिनेच ते तुझ्या हाडात घातले ना?" म्हातारी म्हणाली. "या पाण्यात पाहून तू जे नाव उच्चारशील ते तिला इथून लागेल. त्याला उतारा नाही. एकच शब्द. बोल."

सगुणाच्या मनात शब्द तयार होते. ओसाडीत किती दुपारी तिने ते घोटले होते! कैदाशीण. दगड. मेलेली. एकेक शब्द दाताशी येऊन उभा राहिला. तिने परातीच्या कडा घट्ट धरल्या. पाण्यातली बाई चाक फिरवत होती, आणि तिच्या करंगळीला भाजल्याचा जुना वण होता. लहानपणी सगुणा भट्टीकडे रांगत गेली, तेव्हा मध्ये घातलेल्या हाताचा तो वण. सगुणाचा राग काही ओसरला नाही. तिने तोंड उघडले ते रागानेच.

आणि तोंडातून निघाले, "आई."

शब्द पाण्यात पडला. पाण्यातली बाई दचकली. तिने चाक सोडले, उठली, दारापाशी आली आणि दोन्ही हातांनी अडसर काढू लागली. मग परातीतले पाणी गढूळ झाले.

म्हातारीच्या हातातला वाल खाली पडला.

"याच परातीत मी माझ्या भावाला पाहिले होते," ती म्हणाली. "मला 'पापी' म्हणता आले. 'दादा' म्हणता आले नाही. तो तीन दिवसांत गेला."

"तुमचा भाऊ कोण?"

"गिरिराजाचा बाप. मी राजकन्या होते, मुली. पाठ जन्मापासून अशीच. पाहणारे मला चेटकीण म्हणत. मला चेटूक येत नव्हते. भावाला मुलगा झाला, तेव्हा बारशाला मी कुंची शिवून घेऊन गेले. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. दाराशीच मला अडवले. म्हणाले, हिची सावली पडली तर बाळाची पाठ वाकेल. भाऊ आत उभा होता. तो काही बोलला नाही. बाळाला नावावाचून पाळण्यात घातले. तेव्हा मी म्हटले, मी चेटकीण ना? बरे. मग मी चेटूक शिकले. परत येऊन वेशीवर उभी राहिले आणि म्हणाले: नावे ठेवण्याची एवढी हौस आहे, तर ठेवा. जे ठेवाल ते लागेल."

सगुणा म्हणाली, "ते तुम्हांला अडवणाऱ्यांना लागले नाही. आम्हांला लागले."

म्हातारीने मान खाली घातली. मुळातच खाली असलेली मान आणखी किती खाली जाणार! "हे मला इथे कुणी सांगायला आले नव्हते," ती म्हणाली. "निघाले ते तलवार घेऊनच निघाले."

"शाप सुटेल कसा?"

"मी घातला, पण नुसत्या माझ्या शब्दाने सुटणार नाही. जे राहून गेले ते झाले पाहिजे. मला त्या दारातून आत जाऊ दिले पाहिजे."

"मग उठा," सगुणा म्हणाली. तिने वालाची टोपली बाजूला ठेवली आणि म्हातारीला हात दिला.

त्या दोघी निघाल्या. वरून टिटवी उडत होती. नदीने वाट दिली, माळाने धार आवरली. वेशीवर लोक जमले. ऊन विझवत येणारी मुलगी आणि तिच्या हाताला धरून आलेली वाकडी म्हातारी पाहून लोक मागे सरले. राजवाड्याच्या दाराशी भालाइतांनी भाले आडवे धरले.

"चेटकिणीला आत मज्जाव आहे," प्रधान म्हणाला. सगुणाने दारातूनच ओरडून सांगितले, "महाराज, या तुमच्या आत्या, तुमचे नाव घेऊन आल्या आहेत."

आतून आवाज आला. तो जडावलेला होता, कारण दगड राजाच्या हनुवटीला लागला होता. दरबारी दरीच्या हुकमासाठी ताटकळत होते. राजाने उरलेले बळ जिभेत आणले आणि म्हटले, "भाले खाली करा. ती माझी आत्या आहे."

तो हुकूम होता. भाले खाली झाले.

म्हातारी सिंहासनापाशी पोचली. पण भाटांनी राजाला पर्वत म्हटले होते, आणि तो तसाच उंच झाला होता. आत्या वाकलेली. तिचा हात त्याच्या छातीपर्यंतही पुरेना. सगुणाने तिला उचलून पाहिले, एकटीला जमेना.

"खांदा द्या," सगुणा लोकांना म्हणाली.

कुणी हलले नाही. ज्याला त्याला आपल्या अंगाला काय चिकटेल याची भीती. तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि हौसाबाई आली. दरीतून धावत आली होती. तिच्यामागे हिरव्या रस्त्यावर जळक्या पावलांची रांग उठली होती. तिने उजवीकडून खांदा दिला. म्हातारी थोडी वर गेली. अजून वीतभर कमी पडत होते. राजाच्या ओठांवर करडी कड चढू लागली.

"माझाही खांदा घ्या," असे कुणीतरी म्हणाले.

गर्दीच्या कडेला कुंभारीण उभी होती. दार उघडले त्या दिवसापासून ती रोज वेशीवर येऊन उभी राहत होती. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते. सगुणाने तिच्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "डावीकडे ये."

तिघींनी म्हातारीला उचलले. ती राजाच्या दगडी कानाशी पोचली. तिने दोन्ही हातांनी त्याचा कान धरला, ओठ टेकवले आणि जशी तान्ह्याच्या कानात करतात तशी कुर्र केली. मग म्हणाली, "मुकुंद."

दरबाराला वाटले होते, नाव काहीतरी मेघगर्जनेसारखे असेल. हे तर अंगणातून मारायच्या हाकेचे नाव. राजाच्या कानाची पाळी आधी तांबूस झाली. मग गाल, मग मान. दगड भुग्यासारखा गळून सिंहासनाच्या पायऱ्यांवर पडला, आणि आत एक मध्यम उंचीचा, थकलेला, पिकल्या मिशांचा माणूस निघाला. तो आत्याच्या पाया पडला आणि पोरासारखा रडला.

त्याच वेळी ओसाडीत शिपायाचे कान आखूड झाले. मुकीची जीभ सुटली आणि ती अडखळत, पूर्वीसारखीच अडखळत, बोलू लागली. हौसाबाई पायरीवरून अंगणात उतरली आणि आपल्या पायाखालच्या गवताकडे बघत उभी राहिली. सगुणाच्या भोवती ऊन परतले. डाग मात्र होता तिथेच राहिला, कारण तो शापाचा नव्हता. तो तिचा होता.

"आता तुझे नाव सांग," राजा म्हणाला.

"सगुणा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका आला, पण आला.

राजाने वेशीचे दार बिजागऱ्यांसकट काढवले. भाटांना सांगितले, पहाटे नावाने हाक मारा, तेवढे पुरे. आत्या राजवाड्यात राहिली. राज्यात ज्या घरी पाळणा हले, तिथे तिला पालखी जाई.

कुंभारिणीने मुलीला म्हटले, "घरी चल."

"मी मावशीजवळ राहीन," सगुणा म्हणाली. "तू ये."

तिने दरीच्या तोंडाशी भट्टी घातली. आई रोज येऊन माती मळू लागली. काही दिवस त्या दोघी बोलत. काही दिवस नुसते चाकच बोले.

शाप गेला, पण जिभा होत्याच. आता नाव अंगाला लागत नसे, म्हणून काहींना ते स्वस्त वाटू लागले. सगुणा बाजारात मडकी घेऊन बसली, तर माणसे डागाकडे पाहत आणि नजर चुकवत. एका दुपारी एक लहानगी पोर आईचे बोट सोडून तिच्यापुढे उभी राहिली.

"तुझ्या तोंडाला काय झाले?"

आई ओशाळली, पोरीला मागे ओढू लागली. सगुणा म्हणाली, "राहू द्या." ती पुढे वाकली. "डाग आहे. हात लावून पाहा."

पोरीने बोट लावले, मग सगळा तळवा लावला.

"गरम आहे," ती म्हणाली.

"ऊन पडते आहे ना त्यावर," सगुणा म्हणाली.

पोरीच्या आईने एक मडके उचलले, बोटाने वाजवून पाहिले आणि सगुणाच्या डोळ्याला डोळा देऊन विचारले, "पाणी गार राहते का गं यात?"

सगुणाने सांगितले, राहते.

त्यांच्या राज्यात जे सुख आले ते तुमच्या आमच्या वेशीच्या आत येवो, आणि वेशीबाहेरही जावो.